आबांच्या गळ्यातला कॅमेरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि गंमत बघा — धुळ्यात माझ्या वयाच्या कुणालाही विचारलंत तर तो म्हणेल, आबांच्या कॅमेऱ्याची गोष्ट ना? ती तर आपल्या फोटोग्राफरच्याच तोंडून ऐकावी! खरं आहे ते. लग्नाच्या मांडवात, माझ्या स्टुडिओच्या बाकड्यावर, शिरपूरला जाणाऱ्या एसटीत — ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, लोक कुठे पोट धरून हसणार, सगळं मला झोपेतही जमेल. पण ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे अगदीच खोटी नाही — थोडी खरी, बरीच खोटी, आणि जिथे खरं बोलायला हवं होतं नेमकी तिथेच खोटी. आज खरी सांगतो. हसण्यासारखं तिच्यात काही नाही, आधीच सांगून ठेवतो.

दुसरं एक आधीच सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी कुणी बापडा, घाबरट माणूस आहे. मी फोटोग्राफर फर्स्टक्लास होतो. यात मी लाजत-बिजत नाही. धुळ्यात माझा स्टुडिओ होता आणि लग्नसराईत मला जळगाव-भुसावळपर्यंत बोलावणं यायचं. नवरी कितीही सावळी असो, रडून डोळे कितीही सुजलेले असोत — माझ्या फोटोत ती नवरीच दिसायची. बोलण्यातही मी कुणाला हार जायचो नाही. चार माणसं जमली की मी बोलणार आणि ती ऐकणार, हे ठरलेलं. मग असा माणूस एका शेतकरी म्हाताऱ्यासमोर बूट बांधायला का वाकला? थांबा, येतोच तिथे.

वडिलांचं शिंदखेड्याला खतांचं दुकान होतं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. कंपनीनं ठरवलं की चांगला माल खपवणाऱ्या दुकानदारांना सिंगापूर दाखवून आणायचं. वडील म्हणाले, पायाखाली जमीन नसेल तिथे मी बसणार नाही. मग त्यांच्या जागी मी. मला तर आनंदानं वेड लागायची पाळी आली. तेव्हा चांगला जपानी कॅमेरा इथे मिळणं म्हणजे महाकर्मकठीण. मिळाला तर कुणीतरी वापरून टाकलेला, लेन्सला बुरशी चढलेला. आणि सिंगापूर? तिथे म्हणे कॅमेरे भाजीसारखे मांडून ठेवलेले असतात. मला तिथली बाग नको होती, समुद्र नको होता. मला कॅमेरा हवा होता — एक नाही, दोन.

त्याच सहलीत लोटन आबा होते. शिंदखेड्याजवळच्याच खेड्यातले. खतांची एजन्सी त्यांच्या मुलाची, पण मुलानं बापाला पाठवलं — जन्मभर ढेकळं तुडवली, आता एकदा विमानात बसून या म्हणाला. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, पायात नवे कोरे बूट, ते त्यांना चावत होते. बरोबर फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे कळणं म्हणजे ज्वारी आणि उडदाचं एकत्र दळलेलं पीठ. त्याच्या भाकरी प्रवासात टिकतात. विमानात त्यांनी शेजारच्या परदेशी बाईलाही अर्धी देऊ केली. तिनं घेतली, खाल्ली, आणि ठेच्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे मात्र खरंच घडलं, हे मी रचलेलं नाही.

लोटन आबा कोण, ते तुम्हाला कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आमच्याकडे सोयरीक जुळवायची म्हणजे पत्रिका वगैरे नंतर. आधी चौकशी. मुलाकडचे गुपचूप कुणाला तरी गाठून विचारतात — घर कसं आहे? माणसं कशी आहेत? आता विचारायचं कुणाला, यालाच महत्त्व. शेजारी जळफळाटानं वाईट सांगतो, भाऊबंद भिडेखातर चांगलं सांगतो. पण त्या पंचक्रोशीत लोक आबांना विचारायचे. आबा “घर चांगलं शे”, म्हणजे चांगलं आहे, म्हणाले की सुपारी फुटायची, लग्न पक्कं. घर चांगलं नसेल तर ते काहीच बोलायचे नाहीत. चहा प्यायचे, टोपी नीट करायचे आणि उठायचे. विचारणारा काय ते समजायचा. स्वतःच्या सख्ख्या पुतण्याची चौकशी आली तेव्हाही ते असेच चहा पिऊन उठले होते — पुतण्या दारू प्यायचा. भाऊ पुढे कितीतरी दिवस बोलला नाही त्यांच्याशी. पण आबांचा शब्द म्हणजे शब्द.

सिंगापुरात मी दोन दिवस नुसता दुकानांतून फिरलो. बाकीचे साड्या, घड्याळं, टेपरेकॉर्डर घेत होते. मी काचेला नाक लावून उभा. घासाघीस करण्यात माझा हात कोण धरणार? दुकानातून दोनदा उठून निघालो, दोनदा त्यानं हाक मारून परत बोलावलं. शेवटी दोन कॅमेरे घेतले आणि लांबचं जवळ आणणारी एक टेली लेन्स. खोलीवर येऊन पेटी उघडली तर त्या नव्या वस्तूचा वास — अजूनही आठवतो. शटर दाबलं की असा मऊ, गच्च आवाज. पलंगावर बसून मी रोल न घालताच कितीतरी वेळ नुसता दाबत बसलो होतो. आबा त्याच खोलीत होते. ते हसून बघत होते, पोराला खेळणं मिळालं की म्हातारे बघतात तसं.

आता अडचण अशी, की एवढं सामान एका माणसाला आणू देत नसत. त्यावर उपाय सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना ठाऊक होता. खोका फेकून द्यायचा, आत अर्धा वापरलेला रोल घालायचा, आणि कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायचं. जुना आहे, माझा आहे, म्हणायचं. एक मी माझ्या गळ्यात घातला. लेन्स टॉवेलात गुंडाळली. राहिला दुसरा. आणि आमच्या सबंध गटात काहीच विकत न घेतलेला एकच माणूस होता.

आबा तयार नव्हते. हे नीट ऐका, कारण माझ्या गोष्टीत ते हावरटासारखे तयार होतात. खऱ्यात ते म्हणाले, “मना नही, तो मना कसा सांगू भाऊ?” माझा नाही तो माझा कसा सांगू — एवढंच. मी मग माझी सगळी वकिली पणाला लावली. कुणी विचारतच नाही हो. नुसता गळ्यात ठेवायचा. माझ्या धंद्याचा प्रश्न आहे, वडिलांकडे बघून तरी करा. वडिलांचं नाव मात्र त्यांना मोडवेना. दोघांची जुनी दोस्ती. त्यांनी मान खाली करून पट्टा गळ्यात घालून घेतला. आणि विमान उतरायच्या आधी मी आणखी एक मागून घेतलं. काही झालंच, तर माझं नाव घेऊ नका. त्यांनी मान हलवली. आबांनी मान हलवली म्हणजे शब्द दिला — हे मला चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मागितलं ना?

मुंबईला उतरलो तेव्हा दुपार होती. मी पुढे होतो. माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे कस्टमच्या माणसानं बघितलंसुद्धा नाही. मी बाहेरच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मागे आबांना थांबवलं. धोतर-टोपीवर तो काळाकुळकुळीत कॅमेरा — कोण नाही थांबवणार? हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, मी तर फोटोग्राफर, कुणाला काय शोभतं ते बघणं हाच माझा धंदा! साहेबानं विचारलं, कॅमेरा कुणाचा? आबा म्हणाले, “मना शे.” साहेब म्हणाला, मग आतला रोल काढून दाखवा.

तेवढंच मी त्यांना शिकवलं नव्हतं. त्या जातीच्या कॅमेऱ्यात डाव्या हाताचं बटण वर ओढलं की मागचं झाकण उघडतं. डोळे मिचकावण्याइतकं सोपं. मी काय बोलायचं ते शिकवलं आणि उघडायचं कसं ते शिकवायचं राहिलं. आबांनी कॅमेरा हातात घेतला. इकडून बघितला, तिकडून बघितला. माझ्या गोष्टीत या ठिकाणी ते लेन्सवरच्या झाकणासकट कॅमेरा डोळ्याला लावतात आणि म्हणतात, साहेब, जरा हसा! इथे लोक लोळतात. खऱ्यात त्यांनी कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला, फुटू नये असा, आणि हात जोडले. मग त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे. हाक नाही, खूण नाही, नुसतं बघितलं.

आणि मी बूट बांधायला वाकलो.

बूट सुटलेला नव्हता. नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या पायाची. साहेबाचा आवाज ऐकू येत होता — या वयात असले धंदे करता, लाज नाही वाटत? रांगेतले सगळे ऐकत होते, आमच्या गटातले तर कान टवकारून. दोन पावलं मागे जाऊन ‘साहेब, कॅमेरा माझा आहे’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर कॅमेरा गेला असता. तो तसाही गेलाच. ते आबांना आतल्या खोलीत घेऊन गेले.

आम्ही बसमध्ये वाट बघत बसलो. उकाडा मरणाचा, सगळे वैतागलेले. कुणीतरी मला म्हणालं, तुझ्याच खोलीत होते ना रे, काय भानगड आहे? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि माझं तोंड, माझं ते हुशार तोंड सुरू झालं. म्हणालो, आबांना म्हातारपणी फोटोचा शौक लागला होता, मी सांगत होतो नका घेऊ! सगळी बस हसली. त्या हसण्यानं मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग मी थांबलो नाही. डोळ्याला लावलेलं झाकण तिथेच त्या बसमध्ये जन्माला आलं.

आबा आले ते रिकाम्या गळ्यानं. बसमध्ये चढले तेव्हा हसू पुरतं थांबलंही नव्हतं. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथेच बसले. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी म्हणाले, “तुना कॅमेरा तठेच ऱ्हायना भाऊ. माले उघाडता उना नही.” तुझा कॅमेरा तिथेच राहिला, मला उघडता आला नाही. त्यांना वाईट वाटत होतं — माझा कॅमेरा गेला म्हणून! मी म्हणालो, जाऊ द्या आबा. मी त्यांना जाऊ द्या म्हणालो. मोठ्या मनानं!

यापुढे बंद करता आलं असतं. पण गोष्ट चांगली होती हो. हे कबूल करायला मला सगळ्यात जास्त त्रास होतो. गोष्ट फार चांगली होती आणि मी ती फार चांगली सांगायचो. उरलेल्या कॅमेऱ्यानं मी धडाधड लग्नं करत होतो. पाहुणे कॅमेरा बघायचे, कुठला म्हणून विचारायचे, मी सिंगापूर म्हणायचो, आणि कुणीतरी म्हणायचंच — आबांची गोष्ट सांगा ना! आणि मी सांगायचो. दरवेळी थोडी तिखट-मीठ लावून. एका लग्नात आबा स्वतः मांडवात होते. लोकांनी मुद्दाम मला तिथेच सांगायला लावली. मी सांगितली. आबाही हसले सगळ्यांबरोबर. त्यानंतर त्यांना ‘कॅमेरेवाले आबा’ हे नाव पडलं ते पडलंच. पोरंसोरं बोटांची चौकट करून त्यांच्याकडे बघायची.

एकदा कुठल्याशा बैठकीत आबांनी “घर चांगलं शे” म्हटलं, तर नव्या पिढीतला एक जण बोलला — बघा हं, घर झाकणासकट तर बघितलं नाही ना? हसले सगळे. आबा चहा न पिताच उठले म्हणे. मग हळूहळू त्यांना विचारणं बंद झालं. कुणी ठरवून केलं नाही. नुसतं बंद झालं.

एवढ्यावरच राहिलं असतं तर कदाचित मी हे आजही सांगितलं नसतं. खोटं कशाला बोलू? नसतंच सांगितलं.

पण काही वर्षांनी आबांच्या नातीचं, वैशालीचं बघायला सुरुवात झाली. मुलगी शिकलेली, गुणी. शिरपूरचं एक स्थळ आलं. मुलगी त्यांना पसंत पडली. मग चौकशी. आणि चौकशीला ते कुणाकडे आले असतील? माझ्याकडे. मुलाचा काका आणि आणखी एक जण, स्टुडिओत माझ्यासमोर बसले. म्हणाले, भाऊ, घर चांगलं वाटतं, पण आजोबांना विमानतळावर चोरटा माल आणताना पकडलं होतं असं सगळे सांगतात. तुम्ही बरोबर होता. गमतीचं सोडा, घरच्यासारखं खरं सांगा.

काय हवं होतं मला अजून? ताट वाढून समोर ठेवलं होतं. कस्टमवाले इतक्या वर्षांनी माझ्या दारात थोडेच येणार होते? मला भीती कसली होती, ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. उत्तर फार क्षुल्लक आहे. एवढीच भीती — की उद्यापासून गोष्ट आबांची राहणार नाही, माझी होईल. लोक मला हसतील. बस्स. तेवढ्यासाठी मी म्हणालो, मी आपला पुढे होतो, मागे काय झालं ते मला नक्की नाही सांगता येणार. आणि वर चहा मागवला. त्यांनी चहा घेतला, एकमेकांकडे बघितलं आणि उठले. चौकशीत असं उठण्याचा अर्थ काय असतो, ते तुम्हाला वर सांगितलंच आहे. मलाही तो ठाऊक होता.

शिरपूरकरांचा नकार आला. कारण कुणी सांगितलं नाही, पण गावात कळायचं ते कळलं — त्यांनी कुणाला विचारलं, तेही.

त्यानंतर एका सकाळी आबा नातीला घेऊन माझ्या स्टुडिओत आले. मला वाटलं, आता जाब विचारणार. खरं सांगतो, मी मनात उत्तर जुळवायलाही लागलो होतो. पण त्यांना फोटो काढायचा होता. दुसऱ्या स्थळांना पाठवायला मुलीचा फोटो. धुळ्यात स्टुडिओ काय थोडे होते? ते म्हणाले, सगळे सांगतात तू फोटो चांगला काढतोस. मग खुर्चीवर टेकत, रागानं नाही, तक्रारीनं नाही, साधं पीकपाणी सांगावं तसं म्हणाले, “मना शबद आते कोनी धरत नही. फोटोच दाखाडना पडी.” माझा शब्द आता कुणी धरत नाही, फोटोच दाखवावा लागेल.

मी दिवे लावले. मुलीला स्टुलावर बसवलं, पदर नीट करायला सांगितला, हनुवटी जरा वर. हस बेटा, म्हणालो. ती हसेना. मी पुन्हा म्हणालो. तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं, सिंगापूरहून माझ्या गळ्यात आला होता त्याच कॅमेऱ्यात, आणि विचारलं, “काका, खरं सांगा, तो दुसरा कॅमेरा कुणाचा होता?”

तिला कशी शंका आली कोण जाणे. मी डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच ठेवला. मला काही बोलायची वेळच आली नाही. मागून आबांचा आवाज आला, “मना व्हता.”

जे पुतण्यासाठीसुद्धा खोटं बोलले नाहीत, ते नातीशी खोटं बोलले. तिचं स्थळ मोडलेलं असताना, माझ्यादेखत. मला दिलेला शब्द होता ना. मी मागून घेतलेला.

मुलीचे डोळे भरून आले. पण मान तिनं खाली घातली नाही. उजेड बरोबर पडला होता. मी बटण दाबलं.

फोटो चांगला आला. पुढे तिचं लग्न ठरलं, तिला जळगावकडे दिली. त्या लग्नाचे फोटो काढायलाही त्यांनी मलाच बोलावलं आणि मी गेलो. आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते आपल्या नातीच्या लेखी चोरटा कॅमेरा आणणारे आजोबा म्हणूनच गेले.